'माहीत नाही'ला एक गुण

माझ्या मोठ्या बहिणीच्या शाळेत 'माहीत नाही' म्हणणाऱ्याला एक गुण मिळतो. वादविवाद स्पर्धेच्या गुणपत्रिकेत तिनं त्यासाठी वेगळा रकानाच आखून घेतला आहे. मांडणीला दहा, भाषेला पाच, खंडनाला दहा, आणि सगळ्यात शेवटी हा एकट्या एका गुणाचा रकाना. अट एवढीच की ते प्रामाणिकपणे म्हटलेलं असावं, आणि पुढच्या शनिवारी उत्तर शोधून आणून वर्गापुढं सांगावं.

ताई कामठीच्या एका शाळेत इतिहास शिकवते. तीस वर्षं होत आली. नागपूरहून रोज अपडाऊन. आधी बसनं जायची, आता गुडघे दुखतात म्हणून शेअर ऑटोनं, आणि त्यातही कडेच्या जागेसाठी भांडून. मी नागपुरात वकिली करतो. बोलणं हा माझा धंदा, पण स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की मी गप्प. बायको म्हणते, "ह्यांना घरात बोलतं करायचं तर समन्स काढावं लागतं." खोटं नाही. जे आता लिहितो आहे ते मी तिलाही गेल्या महिन्यात पहिल्यांदा सांगितलं.

दर ऑगस्टात, हिरोशिमाचा दिवस येतो त्या आठवड्यात, ताई शाळेत वादविवाद ठेवते. दरवर्षी मला परीक्षक म्हणून बोलावते आणि दरवर्षी मी कोर्टाची तारीख सांगून सुटतो. ह्या वर्षी तिचा फोन आला तो थेट आदेशच.

"तारीख-बिरीख सांगू नको मले. दुसरा शनिवार आहे, तुमचं कोर्ट बंद राहते. आमची शाळा चालू आहे."

"विषय काय?" मी विचारलं.

"तोच. आपलाच. अणुबॉम्ब युद्ध थांबवण्यासाठीच टाकले गेले."

मी 'बरं' म्हणालो. नाही म्हणायला काही उरलंच नव्हतं. 'आपलाच' ह्या शब्दात काय काय आहे ते फक्त मला ठाऊक होतं.

तेहेतीस वर्षांपूर्वी आम्ही दोघं एकाच कॉलेजात होतो. ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, मी दुसऱ्या. त्या वेळी नागपुरातल्या कॉलेजांमध्ये आमची जोडी माहीत होती. आता ज्यांनी वादविवाद स्पर्धा पाहिल्या नसतील त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडं एका कॉलेजचा संघ दोघांचा असतो, आणि त्यातला एक विषयाच्या बाजूनं बोलतो, दुसरा विरुद्ध. करंडक मिळतो तो दोघांच्या गुणांच्या बेरजेवर, पण वैयक्तिक पहिलं बक्षीस एकालाच. म्हणजे जो घरी तुमचा जोडीदार, तोच मंचावर तुमचा प्रतिस्पर्धी. ह्या पद्धतीत एक गंमत आहे आणि एक धोका आहे. आम्ही सहा वर्षं, शाळेपासून, गंमतच घेत आलो होतो.

आमची कामाची वाटणी ठरलेली होती. वाचायचं मी, बोलायचं तिनं. अर्थात मंचावर मीही बोलायचो, पण तिनं शिकवलेलं बोलायचो. आईच्या शिलाई मशीनवर झाकण टाकलं की आमचं टेबल तयार व्हायचं. बाबा ऑफिसातून एका बाजूनं टंकलेले रद्दी कागद आणायचे, त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी टिपणं काढायचो. ताई मशीनच्या पायट्यावर पाय ठेवून, तो हलवत हलवत, ती टिपणं मोठ्यानं म्हणायची. मी बर्डी भागातल्या एका जुन्या वाचनालयातून सायकलनं आलो की ती दारातच विचारायची, "मिळालं का गा काही?" आणि मी जे मिळालं असेल ते सगळं तिच्यापुढं ओतायचो, ते माझ्या बाजूचं असो की तिच्या.

ह्या विषयासाठी आम्ही आईच्या डब्यातून चिठ्ठ्या काढल्या. मला अनुकूल बाजू आली, तिला प्रतिकूल. मी म्हणणार होतो की जपान शरण येत नव्हता, जमिनीवर उतरून लढावं लागलं असतं तर दोन्हीकडची लाखो माणसं मेली असती, बॉम्बनं ते टाळलं. ती म्हणणार होती की हे सांगायचं कारण झालं, खरं कारण वेगळं: रशिया युद्धात उतरणार होता, त्याच्या आधी आपली ताकद दाखवायची होती, आणि इतकं प्रचंड काम करून तयार केलेली वस्तू वापरून पाहायची होती. तिची बाजू मला ऐकतानाच जड वाटत होती. पण तिच्याकडं एका ठिकाणी भोक होतं. वापरून पाहायची होती, हे ती म्हणत होती, पण त्याला पुरावा नव्हता.

तो पुरावा मला मंगळवारी मिळाला. वाचनालयात बसूनच वाचायचं, घरी न्यायचं नाही असं एक जाडं इंग्रजी पुस्तक होतं. त्यात एका परिच्छेदात सरळ लिहिलेलं होतं: जपानची बहुतेक मोठी शहरं साध्या बॉम्बनी आधीच जळून गेली होती, पण काही थोडी शहरं मुद्दाम बाजूला राखून ठेवली होती. नव्या बॉम्बनं नेमकं काय होतं ते स्वच्छ पाहता यावं म्हणून. हिरोशिमा त्यातलं एक.

मी ते उतरवून घेतलं. सवयीनं. कागदाची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. सायकलवर येताना, खरं सांगतो, मनात काहीच नव्हतं. दारात ताई उभी होती. "मिळालं का गा काही?"

"नाही," मी म्हणालो. "तेच जुनं."

एवढंच. त्यानंतर बुधवार गेला, गुरुवार गेला, आणि रोज वाटायचं की आज सांगू. गुरुवारी आईनं तो शर्ट धुतला. संध्याकाळी दोरीवरून काढताना ओरडली, "खिशातले कागद काढत जा गा! सारा लगदा झाला." शनिवारी स्पर्धेच्या सकाळी त्या निळ्या शर्टाला इस्त्री ताईनं केली. मला ते दृश्य अजून दिसतं. ती नखानं खिशाच्या शिवणीतले कागदाचे पांढरे कण एकेक करून काढत होती. "महत्त्वाचा नव्हता ना कागद?" तिनं विचारलं.

"नाही," मी दुसऱ्यांदा म्हणालो.

सभागृहात ती माझ्यानंतर बोलली, आणि सुरेख बोलली. मग परीक्षकांपैकी एका प्राध्यापकांनी चष्मा वर करून तिला विचारलं, "हिरोशिमा एवढं महत्त्वाचं लष्करी ठाणं होतं म्हणतात, मग ऑगस्टपर्यंत त्या शहरावर मोठा हल्ला कसा झाला नाही? बाकी शहरं तर राख झाली होती." ते तिला वाट करून देत होते. उत्तर दिलं असतं तर पहिलं बक्षीस तिथंच तिचं होतं. ताईनं माझ्याकडं पाहिलं, जशी नेहमी पाहायची. मी समोरच्या खुर्चीच्या पाठीकडं पाहत होतो.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

सभागृह हसलं. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "तर मग आली कशाले बाप्पा!" आणि पुन्हा हसू. पहिलं बक्षीस मला मिळालं. करंडक दुसऱ्या कॉलेजला गेला.

बाबा आले होते. ताईला वकील व्हायचं होतं आणि बाबांचं हो-नाही चाललं होतं. त्या दिवशी घरी येताना ते बसमध्ये तिला म्हणाले, "चार माणसात उत्तर देता येऊन नाही राहिलं, वकिली काय करशीन वं?" चिडून नाही म्हणाले, काळजीनंच म्हणाले, पण ते ठरलं. तिनं पुढं बी.एड. केलं. दोन वर्षांनी वकिलीला मी गेलो.

बॉम्बच्या हेतूंबद्दल पुढं मी पुष्कळ वाचलं. एखाद्याला दुखऱ्या दातावरून जीभ फिरवायची सवय लागते तसं. त्यात एक गोष्ट वाचून मी थबकलो होतो. ज्यांनी निर्णय घेतला त्यांनी युद्धानंतर कारणं लिहायला घेतली, तेव्हा बॉम्बमुळं वाचलेल्या जिवांचा आकडा दर सांगण्याला वाढत गेला, असं काही अभ्यासक म्हणतात. कुठं ती शहरं आणि कुठं माझ्या खिशातला कागद. ही तुलना करायचीही लाज वाटते. पण ते वाढत जाणं मला आतून कळलं. पहिल्या वर्षी मी स्वतःला सांगत होतो की मी विरुद्ध बाजूचा होतो, आपली बाजू कमजोर करणारा पुरावा कोणी स्वतःहून देतं का? पाच वर्षांनी सांगत होतो की एका प्रश्नानं कोणाचं आयुष्य बदलत नसतं. वीस वर्षांनी माझं कारण इतकं फुगलं होतं की विचारू नका. ताई शिक्षिका झाली म्हणून कामठीच्या किती पोरांचं भलं झालं! जणू त्यांच्या भल्यासाठीच मी तो कागद दाबला होता.

तर ह्या ऑगस्टात मी परीक्षक म्हणून त्या शाळेत गेलो.

दोन वर्गांमधली लाकडी भिंत सरकवून हॉल केलेला. मागच्या गल्लीत विणकरांचे माग चालू होते, त्यांचा खटखटाट खिडकीतून सारखा येत होता. माझ्या शेजारी दुसऱ्या एका शाळेच्या निवृत्त बाई परीक्षक होत्या. ताई फळ्याजवळ स्टुलावर बसली होती, हातात घंटी घेऊन. सुरुवातीला तिनं मुलांना दोन नियम परत सांगितले. एक मी वर सांगितला. दुसरा असा, की समोरच्याला खोडायच्या आधी त्याचं म्हणणं आपण आपल्या तोंडानं मांडायचं, आणि तो जोवर 'हो, हेच' म्हणत नाही तोवर आपलं बोलायचं नाही.

दहावीतला एक उंच मुलगा अनुकूल बाजूनं बोलला, चांगलं बोलला. त्याच्या विरुद्ध नववीतली एक मुलगी उभी राहिली. तिचा आवाज अंगापेक्षा चौपट मोठा. तिच्या घरी माग आहेत, ताईनं नंतर सांगितलं. घरात बोलायचं म्हणजे मागाच्या वर बोलायचं.

"तुमचं म्हणणं असं, की जपानी लोक हट्टी होते," मुलगी म्हणाली.

"नाही," मुलगा म्हणाला. "हट्टी नाही म्हटलं मी."

"बरं. की जपानचे सेनापती शरण यायला तयार नव्हते."

"हं, पुढं."

"आणि युद्ध लांबलं असतं तर मेले त्याहून जास्त मेले असते. म्हणून मारून वाचवले."

मुलगा थोडा घुटमळला. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की माणूस घुटमळतोच. "हो," तो म्हणाला. "हेच."

मग ती सुटली. रशिया कसा दोन दिवसांत उतरला, सम्राटाला हात लावणार नाही एवढं आधी सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे सगळं पुस्तकी मराठीत धडाधड. आणि शेवटी गाडी रुळावरून घसरली. "आणि समजा, एक टाकला. मग जरा थांबायचं नं! लोकायले कळू तर द्या काय झालं ते. तीन दिवसात दुसरा काहून?" हॉल खदखदला. तीही हसली.

परीक्षकानं एक प्रश्न विचारायचा असतो. माझी पाळी होती. मी काही ठरवून आलो नव्हतो. पण माझ्या तोंडून जे निघालं ते त्या प्राध्यापकांचं वाक्य होतं, जवळजवळ त्यांच्याच शब्दांत. "हिरोशिमा एवढं महत्त्वाचं लष्करी ठाणं होतं, तर ऑगस्टपर्यंत त्या शहरावर मोठा हल्ला कसा झाला नाही?"

मी ताईकडं पाहिलं. ती माझ्याकडं पाहत नव्हती. ती मुलीकडं पाहत होती, आणि तिनं घंटीचा लोळा बोटांत धरून ठेवला होता, आवाज होऊ नये म्हणून.

मुलीनं छताकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "माहीत नाही, सर."

आणि सगळा हॉल एकदम, एक बोट वर करून, "एऽऽऽक!"

टाळ्या. बाकांवर थापा. मुलगी खाली जाऊन बसली, शेजारणीनं तिच्या पाठीत धपाटा घातला. मी गुणपत्रिकेत शेवटच्या रकान्यात एक लिहिलं, आणि त्यावर पुन्हा गिरवलं, आणि पुन्हा गिरवलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, "सर, कागद फाटेल."

तेव्हा मला कळलं की हा नियम कुठून आला. ज्या दोन शब्दांसाठी एक सभागृह तिला हसलं होतं, ते दोन शब्द तिनं उचलून आणून इथं फळ्याजवळ ठेवले होते, आणि तीस वर्षं पोरांकडून त्यांना टाळ्या वाजवून घेतल्या होत्या. कोणाला न सांगता, कोणावर राग न धरता. माझ्या सगळ्या कारणांची तिथं वाफ झाली.

बक्षिसं झाली. शिक्षकांच्या खोलीत मुख्याध्यापक बशीकडं हात करून म्हणाले, "अणुबॉम्ब झाला, आता आलुबोंडा घ्या." सगळे हसले. ताई माझ्या कानाशी म्हणाली, "दरवर्षी हेच म्हणतात. दरवर्षी हसा लागते." हळूहळू लोक पांगले. आम्ही दोघंच उरलो. ऑटोला वेळ होता.

मी म्हणालो, "ताई, त्या प्रश्नाचं उत्तर माझ्या खिशात होतं."

"मग तिले सांगायचं नाही का?" ती आलुबोंड्याच्या बशीवर कागद झाकत म्हणाली. "नाही, बरं केलं. तिले शोधू दे."

"आजचं नाही. तेव्हाचं."

तिचा हात थांबला. मी सगळं सांगितलं. वाचनालय, परिच्छेद, दारात 'तेच जुनं' म्हणालो ते. तेहेतीस वर्षं जे गिळून बसलो होतो ते सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. ताई ऐकत होती. मध्ये एकदाच बोलली.

"निळा शर्ट," ती म्हणाली.

"हो."

"मी नखानं काढलं होतं ते."

"हो."

बाहेर मागांचा आवाज चालूच होता. मी म्हणालो, "ताई, मी का केलं ते..."

"थांब," ती म्हणाली. तिचा वर्गातला आवाज. "आधी माझ्या बाजूनं सांग. माझं काय गेलं?"

मी म्हणालो, "तुझी वकिली गेली. तुझी जागा मी घेतली."

"नाही. व्हायचं होतं वकील, खरं आहे. पण दोन वर्षात गेलं ते डोक्यातून. तुले काय वाटते, मी रोज कामठीले रडत येतो? दुसरं सांग."

"लोक हसले. भर सभागृहात तुझा अपमान झाला."

"त्यातल्या एकाचंही तोंड आठवत नाही मले. पुढं."

वकील माणूस, पण समोरच्याच्या जागी उभं राहून पाहायचं तर तिथं जाण्याची वाटच मला माहीत नव्हती. मग मी स्पर्धेनंतरचे दिवस आठवायला लागलो. दुसऱ्या दिवशी ताईनं मशीनवर झाकण टाकलं होतं, कागद मांडले होते. पुढच्या महिन्यात अमरावतीला स्पर्धा होती. मी म्हणालो होतो, मी मित्राकडं अभ्यासाला जातो. त्यानंतर रोज जायला लागलो. तिच्यासमोर बसलो की तो खिसा आठवायचा, म्हणून मी तिच्यासमोर बसायचंच बंद केलं. मग सवय झाली. राखी, दिवाळी, 'कशी आहेस', 'बरी आहे'. तेहेतीस वर्षं.

"तुला वाटलं," मी सावकाश म्हणालो, "की मला तुझी लाज वाटली. बाबांना वाटलं तसंच. की हिला काही येत नाही, हिच्यासोबत काय बसायचं."

ताईनं चष्मा काढला, साडीच्या पदरानं पुसला, परत घातला.

"हो," ती म्हणाली. "हेच."

सगळी वर्षं मी ज्या गुन्ह्याची शिक्षा मनातल्या मनात भोगत होतो तो तिनं कधीच मागं टाकला होता. आणि जो मला गुन्हा वाटलाच नव्हता, तो ती रोज ऑटोतून सोबत नेत-आणत होती.

"आता तुझं सांग," ती म्हणाली. "काहून केलं गा?"

"पहिलं बक्षीस पाहिजे होतं."

"फक्त तेवढ्यासाठी?"

"बाबांसमोर पाहिजे होतं."

"अजून?"

मी बशीवरचा कागद सरळ करायला लागलो. मग तिनं तिच्याच नियमाप्रमाणं माझी बाजू मांडायला घेतली. "तुझं म्हणणं असं, की तू वीस वर्षांचा होता. सारे तुले हिचा भाऊ म्हणून ओळखत. एकदा तरी आपल्या नावानं पुकारलं जावं वाटलं. लहान होता, चुकला."

किती सोपं होतं 'हो, हेच' म्हणून टाकणं! पण मी म्हणालो, "नाही. इतकं चांगलं नाही ते. सायकलवरून येताना मनात काहीच नव्हतं माझ्या. दारात तुला पाहिलं आणि खोटं निघालं. कारणं सगळी नंतर जमा झाली." आणि मग म्हणालो, "माहीत नाही, ताई."

तिनं टेबलावरची उरलेली एक कोरी गुणपत्रिका ओढली. स्पर्धकाच्या नावाच्या जागी काही लिहिलं नाही. शेवटच्या रकान्यात एक लिहून कागद माझ्यापुढं सरकवला.

"शनिवारी शोधून आणजो," ती म्हणाली. "आता चल. ऑटो जाईन."

पुढच्या शनिवारी मी गेलो. नववीच्या वर्गात ती मुलगी आधी उभी राहिली. तिनं उत्तर आणलं होतं. राखून ठेवलेली शहरं, परिणाम पाहायचा होता म्हणून; सगळं त्याच तारस्वरात. आणि वर मी न विचारलेलं एक: एक जुनं राजधानीचं शहर यादीतून काढलं गेलं, कारण बॉम्ब टाकणाऱ्यांच्याच एका मंत्र्याचा त्यावर जीव होता असं सांगतात. "म्हणजे पाहा सर," ती म्हणाली, "ज्यानं ते शहर पाहिलं होतं त्यानं वाचवलं." मग तिनं विचारलं, "सर, पण मग खरं कारण कोणतं धरायचं? थांबवण्याचं का पाहण्याचं?"

मी म्हणालो, बहुतेक दोन्ही असतील, आणि आणखी चार. करणाऱ्यालाही ती सगळी माहीत असतील असं नाही.

"सरांचं बाकी आहे," ताई मागून म्हणाली.

मला वाटलं नव्हतं ती असं करेल. पण करावं तिनं. मी चाळीस पोरांसमोर उभा राहिलो आणि म्हणालो की मी कॉलेजात असताना माझ्या जोडीदारापासून एक उत्तर लपवलं होतं. कोण जोडीदार ते सांगितलं नाही. उंच मुलगा दारात उभा होता, त्यानं विचारलं, "काहून सर?"

"अजून शोधतो आहे."

"मग पुढच्या शनिवारी," मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, आणि बोटं वर झाली.

देणं कोणाचं किती असतं हे मला मोजता येत नाही. पण त्या मुलीचे उपकार आहेत माझ्यावर, जिनं न लाजता दोन शब्द उच्चारले. आणि जिनं मला बोलायला शिकवलं, ती मला पन्नाशीनंतर पुन्हा एकदा बोलायला शिकवते आहे, तिच्याबद्दल काय लिहू? तिनं मला माफ केलं असं ती एकदाही म्हणालेली नाही. मीही विचारलेलं नाही. तिनं मला कामाला लावलं आहे, आणि मला तेवढं पुरतं.

डिसेंबरात तिची पोरं नागपूरला आंतरशालेय स्पर्धेला येणार आहेत. विषय वेगळा आहे. रविवारी मी वाचनालयातून सरळ तिच्या घरी जातो. तिच्या जेवणाच्या टेबलावर कोर्टातले एका बाजूनं छापलेले रद्दी कागद पडलेले असतात, मीच आणून दिलेले. परवा दारातच उभी होती. गुडघ्याला पट्टा बांधलेला.

"मिळालं का गा काही?"

मी खिशातले कागद काढले. चारही. एक माझ्या मताच्या साफ विरुद्ध होता, तो आधी दिला. ती उजेडाकडं धरून वाचायला लागली, भुवया आक्रसून.

"अक्षर अजून तसंच घाणेरडं आहे," ती म्हणाली. "बस. वाचून दाखव."